दहावं नख

आमच्या घरात नखाला गोरू म्हणतात.
शाळेत पहिलीच्या बाईंना मी सांगितलं,
आई दर रविवारी गोरू कापते,
बाई दचकल्या : गुरं? कापते?
वर्ग हसला. मी मुठी मिटून बसले.

आता दिवसभर दुसऱ्यांच्या मुठी उघडते.
दवाखान्यात, साखरेच्या पेशंटांच्या रांगेत,
पायांच्या टेबलाशी माझी खुर्ची.
यंत्रमागावरचा मल्लेशम येतो, अंगठ्याचं नख मांसात रुतलेलं,
मी म्हणते, कोपरे गोल कापू नका,
सरळ कापा, पाटीच्या कडेसारखं.
तो मान डोलावतो
आणि तेवढ्यात करंगळीचं नख दातात धरतो.
खाऊ नका, म्हटलं तर म्हणतो,
नखं खाल्ली की दारिद्र्य येतं ना ताई,
ते घरीच आहे, नवीन काय येणार?

आईपाशी मात्र माझं चालत नाही.
विडी घरकुलात पाणी पाचव्या दिवशी येतं.
त्या दिवशी मी एक घमेलं बाजूला ठेवते,
कोमट करते, तिचे पाय आत सोडते.
आई म्हणते, एवढ्या पाण्यात दोन लुगडी निघतात गं.
मी ऐकत नाही. दहा मिनिटं.
मग जुन्या सोलापुरी टॉवेलने
बोटाबोटांमधली फट कोरडी करते,
ओल राहिली की तिथंच बुरशी धरते,
हे तिला पानांच्या गड्ड्यांवरून ठाऊक आहे,
स्वतःच्या पायांवरून नाही.
खोबरेल तेलाचा एक थेंब नखाच्या मुळाशी.
मुळाची कातडी कापायची नाही, ती नखाची चौकट.
सुटलेलं साल ओढायचं नाही.
ओढलं की शेंगाचटणीच्या पहिल्या घासाला कळतं.

पायांची दहा होतात. हातांची नऊ.
उजव्या अंगठ्याशी कात्री पोचली की
आई हात मागे घेते.
त्या नखाने ती विडीचं तोंड दुमडते.
दिवसाला हजार तोंडं,
चाळीस वर्षं.
ते नख पिवळं, जाड, टोकाला खोरणीसारखं,
मधे एक तपकिरी खाच.
राहू दे, म्हणते. हे माझं नाही, कारखान्याचं आहे.

आणि मी, जी मल्लेशमला दटावते,
तिथे गप्प बसते.
त्या नखाने माझी फी भरली आहे.

यंदा गड्ड्याच्या यात्रेतून ती एकटीच परतली,
चिवडा नाही, बांगड्या नाहीत,
फक्त एक नेलकटर, साखळीला सिद्धेश्वराचं चित्र.
माझं वेगळं हवं, म्हणाली,
तूच सांगतेस ना, दुसऱ्याचं वापरू नये.
मग सुपातली पानं शेजारच्या अंबव्वाकडे दिली,
फंडाचे कागद माझ्या पुढ्यात ठेवले,
आणि हात पसरला. पाचही बोटं.

तिन्हीसांज झाली होती.
सांजेला नख कापू नये, ही तिचीच शिकवण.
मी आठवण करून दिली.
दिवा लाव की मग, म्हणाली.

एका दमात कापलं नाही.
आधी भिजवलं, मग थोडं, मग थोडं,
कानशीने एकाच दिशेने, घासाघीस न करता.
तपकिरी खाच तशीच राहिली, खोल होती.
मी दवाखान्यातल्यासारखी वाकून बघितली,
रंग पसरत नाही ना, नख सुटत नाही ना,
सुटलं तर डॉक्टरांना दाखवायचं, घरी कोरायचं नाही.
सुटलं नव्हतं. नुसता तंबाखूचा डाग, नुसती सवय.

अंगठ्याचं नख मुळापासून टोकापर्यंत यायला
साधारण सहा महिने लागतात.
भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी आषाढात एक गोल काढला.
आई विचारते, त्या दिवशी काय आहे?

काही नाही. पाण्याचा दिवस असेल बहुतेक.

रात्री झोपेत तिचा अंगठा अजून हलतो,
पांघरलेल्या चादरीचा काठ
दुमडत राहतो, दुमडत राहतो.
चादरीला ओरखडा उठत नाही.